हळदीच्या गाण्यातली फस्स

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या त्या जीन्सच्या कारखान्यात एखादं मशीन टाका सोडायला लागलं, की हाक एकाच माणसाला जायची. रूपेश गायकर हातातलं काम ठेवून यायचा, पण लगेच मशीनला हात लावायचा नाही. कारागिराला म्हणायचा, "चालव." डोळे मिटून दहा-पंधरा टाके ऐकायचा आणि मग सांगायचा, "सुई खाली येते तेव्हा हुक अजून वाटेत असतो. टायमिंग गेलंय." झाकण उघडायचं, पेचकस फिरायचा आणि दहा मिनिटांत मशीन कामाला लागायचं. एकवीस वर्षं तो हेच करत आला होता. कारखान्यात चव्वेचाळीस मशीनं, आणि प्रत्येकाचा आवाज त्याला पाठ.

राहायला तो अंबरनाथला, बुवापाड्यात. वडील आण्णा लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवायचे. बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि तारांवर बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. आण्णांच्या बेंजोची बटणं भंगारातल्या टाइपरायटरची होती, आणि त्यांच्यावरची अक्षरं झिजलेली असली तरी अजून वाचता यायची. आण्णा गेले तेव्हा रूपेश एकोणीस वर्षांचा होता. बाराव्यानंतरच्या पहिल्याच वरातीत तो तोच बेंजो गळ्यात अडकवून वडिलांच्या जागी उभा राहिला. तेव्हापासून आठवडाभर पेचकस आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो, असा त्याचा नेम होता.

एवढं असूनही बेंजोबद्दल त्याच्या मनात एक अढी होती. अंबरनाथमध्ये महेशचा स्टुडिओ होता. थंडगार खोली, भिंतींना फोम, दोन मोठे पडदे. महेश त्याच्याच वयाचा, एकेकाळी पार्टीत ताशा वाजवणारा. त्याने एकदा सहज म्हटलं होतं, "बेंजो रस्त्यावर ठीक आहे रे. माइकसमोर आणला की भांडी घासल्यासारखा वाटतो." महेश बोलून विसरला. रूपेशने ते वाक्य काळजात ठेवून दिलं.

म्हणूनच मेहुणीच्या हळदीसाठी गाणं करायचं ठरलं, तेव्हा त्यात त्याने बेंजो घेतलाच नाही.

मेहुणी म्हणजे बायकोची, भारतीची, धाकटी बहीण प्रगती. माहेर बदलापूरजवळ चामटोलीला. सासूबाई इंदुबाई पंचक्रोशीतल्या धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवलारीण गाते. ती गात नाही तोवर हळद लागली असं कुणी मानत नाही. इंदुबाईंनी चाळीस वर्षांत किती नवऱ्या पिवळ्या केल्या, त्याची मोजदाद त्यांनाही नव्हती. पण धाकट्या लेकीच्या हळदीला गाताना आपला गळा भरून येणार, हे त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "जावयबापू, माझा आवाज आधीच भरून ठेवा. त्या दिवशी माना नाय जमायचं."

रूपेशने मोबाइलवर त्यांचा आवाज घेतला.

*हलद दलीली जात्यावरी गो,
नवरी बसली पाटावरी गो...*

मग जुन्या लॅपटॉपवर गाणी जोडायचा एक प्रोग्रॅम उतरवला. परदेशी कंपनीचा, तीस दिवस वापरून बघण्यापुरता. त्याच्या जोडीला एक शहनाई, तीही चाचणीपुरतीच. प्रोग्रॅमच्या पोटात बसणाऱ्या अशा वस्तूला प्लगिन म्हणतात; बटणं दाबली की अस्सल शहनाई वाजते. रूपेशने ढोलकीचा ठेका बसवला, शहनाई वाजवली, आणि चार मिनिटांचं गाणं तयार झालं.

आता इथे त्याच्याकडून जी चूक झाली, ती जीन्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते.

चाचणीच्या प्लगिनमध्ये कंपनीने एक खोच ठेवलेली असते. पैसे भरले नसतील, तर ती शहनाई दर मिनिटाला एकदा फुसकारा टाकते. फस्स! हा फुसकारा तयार गाण्यातही उतरतो. रूपेशने तयार गाणं कुठे ऐकलं? जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यात, मोबाइलच्या स्पीकरवर. शेजारी शंकरराव सुट्टीतही स्टीम प्रेसवर पॅन्ट्स दाबत होते. साताऱ्याकडचे हे गृहस्थ, अठरा वर्षं त्या एका प्रेसवर. पायाने पेडल दाबलं की वाफ सुटायची, फस्स. दिवसातून हजार वेळा ऐकलेला तो आवाज रूपेशच्या कानाने केव्हाच वगळून टाकला होता. गाण्यातली फस्स त्याने शंकररावांच्या खात्यावर टाकली आणि गाणं घरच्या ग्रुपवर पाठवलं.

चामटोलीच्या मांडवात डीजेच्या मोठ्या स्पीकरवर ते लागलं, तेव्हा सत्य बाहेर आलं. बायका हात वर करून नाचत होत्या, इंदुबाईंचा आवाज घुमत होता, "नवरी बसली पाटा..." आणि फस्स! मग पुढे "...वरी गो." रूपेश जागच्या जागी थिजला. एका मिनिटाने शहनाईच्या तुकड्यात दुसरी फस्स. आणखी मिनिटाने, इंदुबाई श्वास घेतात नेमक्या त्या जागी, तिसरी. कारखान्यातली वाफ इथे चामटोलीत कशी आली, हे त्याला कळायला तेवढी तीन मिनिटं पुरली.

त्याने डीजेकडे धाव घेतली. पण भारतीचा चुलतभाऊ प्रेम आडवा आला. "दाजी, बंद नका करू! परत लाव रे!" गाणं परत लागलं. 'पाटा'वर आल्याबरोबर प्रेमने हवेत उडी मारली, दोन्ही हातांनी हळद उधळली आणि ओरडला, "फस्स!" तिसऱ्या वेळी अख्खा मांडव थांबला, वाट पाहिली आणि एका दमात ओरडला. नवरीसुद्धा पाटावर बसल्या बसल्या ओरडली.

महिन्याभरात वांगणीपासून अंबरनाथपर्यंत एकही हळद या गाण्याशिवाय लागेना. बेंजो पार्ट्या ते वाजवू लागल्या. फस्सच्या जागी कुणी झांज दाबायचं, कुणी तोंडाने आवाज काढायचं. मांडवाबाहेर उभा असलेला रूपेश ऐकत राहायचा. गाणं कोणाचं ते ओळखीच्यांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओळखणारे चिडवायचे, "काय फस्सवाले, आज किती ठिकाणी?"

एप्रिलच्या शेवटी उल्हासनगरहून धर्मेशचा फोन आला. धर्मेशच्या वडिलांचा कॅसेटचा धंदा होता. धर्मेश आता हळदीची गाणी इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर टाकायचा. लाखो लोक बघायचे. रूपेश गेला तेव्हा महेश तिथे आधीच बसलेला होता.

"आओ साईं, बसा," धर्मेश आपल्या सिंधी ढंगात म्हणाला. "गाणं एकदम कडक आहे. पडद्यावर मोठ्ठं नाव टाकतो, संगीत रूपेश गायकर. पण मला पेपर पाहिजे. मागे एकदा कुणीतरी चोरीच्या सॉफ्टवेअरचं गाणं दिलं, माझं चॅनल पंधरा दिवस बंद. आता मी कानाला खडा लावलाय. कशावर बनवलं, लायसन्स कोणाचं, सगळं या फॉर्ममध्ये भरायचं आणि खाली सही."

रूपेशने फॉर्म वाचला. चाचणीच्या वस्तूंवर केलेलं गाणं बाजारात आणता येत नाही, हे त्या कंपनीने स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आणि ती मधली फस्स?" महेश हसला. "ट्रायलचा शिक्का आहे तो, धर्मेशभाई. माझ्याकडे द्या. सगळे प्लगिन विकत घेतलेले आहेत, बिल दाखवतो. दोन दिवसांत स्वच्छ गाणं देतो."

"मग नाव?" रूपेशने विचारलं.

"संगीत महेश. काम तो करणार ना," धर्मेश म्हणाला. आवाजात वाईटपणा नव्हता, नियम होता. "चाल पारंपरिक लिहू. तुझ्याकडे पेपर असेल तर तुझं नाव. दहा दिवस देतो, साईं. पंधरा मेच्या आत टाकलं नाही तर सीझन गेला."

त्या रात्री जेवायच्या आधी त्याने लॅपटॉप उघडला तर आणखी एक धक्का होता. तीस दिवस उलटून गेले होते आणि प्रोग्रॅम त्याचंच गाणं त्याला उघडू देईना. आत ठेका होता, चाल होती, सगळं त्याचंच. पण कुलूप दुसऱ्याचं. वाचला होता तो फक्त मोबाइलवरचा इंदुबाईंचा आवाज.

"विकत घ्यायचं म्हटलं तर दोन पगार जातील," तो म्हणाला. "कारखान्यातला एक जण सांगत होता, पेनड्राइव्हवर फुकट आणून देतो. कुलूप तोडलेलं."

भारतीने ताटात भात वाढला. "तुम्हाला नाव पाहिजे ना?"

"हो."

"मग खोट्या कागदाखाली लिहिलेलं नाव कशाला पाहिजे? पडद्यावर दिसलं की तुमचीच मान खाली जाईल."

रूपेश भात कालवू लागला. पेनड्राइव्हचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

वाट सापडली ती बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, आणि तीही शिलाई मशीनमुळे. किर्ती नावाच्या बाई एका शाळेत संगणक शिकवायच्या. त्यांच्या आईचं जुनं पायमशीन अडकलं होतं. रूपेशने शटल काढून साफ केलं, अडकलेला दोरा चिमट्याने ओढला, तेल सोडलं. चहा घेताना त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर त्याला लांबच लांब पट्टे दिसले. आवाजाचे पट्टे.

"मॅडम, हे गाणी जोडायचं?"

"हो. शाळेचं स्वागतगीत. आर्डोर म्हणतात याला. फुकट आहे."

"म्हणजे चोरीचं?"

किर्ती हसल्या. "नाही हो दादा. ज्यांनी बनवलं त्यांनीच सांगितलंय, वापरा, वाटा, बदला. आतला सगळा कोड उघडा ठेवलाय. हवं तर वाचा, बिघडलं तर दुरुस्त करा."

रूपेशने कप खाली ठेवला. "झाकण उघडतं?"

"झाकणच नाही त्याला."

किर्तींनी मशीनच्या दुरुस्तीच्या बदल्यात त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू स्टुडिओ ही अख्खी प्रणालीच बसवून दिली. आत आर्डोर, ठेक्यासाठी हायड्रोजन, आणि आणखी कितीतरी अवजारं. प्रत्येकाचा परवाना शेजारीच लिहिलेला, कुणीही वाचावा असा. रूपेश ते सगळं हाती लागल्याच्या आनंदात घरी आला, आणि पहिले तीन दिवस लॅपटॉपमधून आवाजच निघाला नाही.

हे सांगायलाच हवं, कारण फुकट मिळालं म्हणून सोपं मिळालं असं नव्हतं. महेशच्या स्टुडिओत एक बटण दाबलं की शहनाई वाजायची. इथे आवाज कुठून येतो आणि कुठे जातो, ते एकेक तार जोडल्यासारखं आपण सांगायचं. चौथ्या दिवशी आवाज आला, पण उशिरा. लॅपटॉपजवळ बेंजोची तार आता छेडायची आणि कानात ती अर्ध्या मात्रेने नंतर वाजायची.

भारती म्हणाली, "द्या सोडून. महेशभाऊंना..."

"थांब," रूपेश म्हणाला. डोळे मिटून त्याने पुन्हा तार छेडली. मग पुन्हा. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू कारखान्यातलं हसू आलं. "सुई खाली येते तेव्हा हुक अजून वाटेत आहे गं. टायमिंग गेलंय, एवढंच."

त्याने किर्तींना फोन लावला. त्यांनी सांगितलं, की आवाज थोडा थोडा साठवून पुढे ढकलला जातो. किती साठवायचा तो आकडा कमी करा. एक हजार चोवीसवरून त्याने तो दोनशे छप्पन्नवर आणला. जवळ आला. चौसष्टवर नेला, तर तडतड व्हायला लागली. एकशे अठ्ठावीसवर ठेवला, आणि तार छेडल्याबरोबर कानात वाजली. एकवीस वर्षांत शेकडो मशीनं सुरळीत केली होती त्याने, पण त्या दिवशी एखादी लढाई मारल्यासारखा तो उठून खोलीभर चालला.

राहिली शहनाई. फुकटच्या शहनाया त्याने सगळ्या ऐकल्या. खरं सांगायचं तर एकही महेशच्या शहनाईच्या पासंगाला पुरत नव्हती. तो हताश होऊन बसलेला असताना इंदुबाई लेकीकडे आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आवं, पन मघाशी तुमी वाजवत व्हते त्यात काय वाईट व्हतं?"

"मघाशी? तो बेंजो होता, आई. तार बघत होतो."

"मंग त्योच लावा. माझ्या गान्यात ती पीपी कुठून आयली तवाच मी इचारनार व्हते. तुमच्या आण्णांच्या बेंजोवर माझी वरात आली नाय का चामटोलीत! त्यावर गायाला माना कदी कमी वाटलं नाय."

रूपेशने भिंतीवरचा बेंजो काढला. त्या दुपारी त्याने तो पहिल्यांदा गाण्यासाठी माइकसमोर धरला. पहिला सूर खरोखर भांड्यासारखा वाजला. मग त्याने माइक तारांसमोरून हलवून पेटीच्या पोटाखाली ठेवला, आर्डोरमध्ये वरची कर्कश धार थोडी घासून काढली, आणि ऐकलं. लाकूड बोलत होतं. आण्णांच्या हाताखाली बोलायचं तसं.

आठव्या दिवशी गाणं तयार झालं. चार मिनिटं, स्वच्छ, एकही फस्स नाही. त्या शनिवारी चामटोलीत संध्याकाळी एक हळद होती. रूपेशने डीजेला सांगून नवं गाणं लावून पाहिलं.

बेंजोच्या पहिल्या सुरावर लोकांनी माना वर केल्या. नाच सुरू झाला. "नवरी बसली पाटा..." शंभर हात वर गेले, शंभर तोंडं उघडली. "फस्स!" पण गाणं थांबलंच नाही, ते पुढे निघून गेलं. लोक ओरडून मागे राहिले, पाय चुकले, दोघी-तिघी एकमेकींवर आदळल्या.

"ए, गाणं बिघडलंय रे!" कुणीतरी ओरडलं. "जुनं लाव! हे डुप्लिकेट आहे!"

डीजेने जुनं गाणं लावलं आणि मांडव पुन्हा नाचायला लागला. रूपेश खुर्चीवर बसला. रात्रंदिवस एक करून त्याने गाण्यातला दोष काढला होता, आणि लोकांना तो दोषच हवा होता. तो फुसकारा होता परदेशी कंपनीचा. तो घ्यावा तर सही करता येत नव्हती. हातात दोन दिवस.

इंदुबाई शेजारी येऊन बसल्या. "जावयबापू, फस्स कुठं गेली?"

"ती चूक होती, आई."

"तुमची आसंल. लोकांची नाय. आता त्यांचं पाय तितं थांबतान."

"पण तो आवाज माझा नाही. आणू कुठून?"

हे बोलताना त्याने डोळे मिटले होते, मशीन ऐकताना मिटायचा तसेच. आणि त्याला तो आवाज ऐकू आला. उल्हासनगरहून, पाच नंबर कॅम्पातून, दिवसातून हजार वेळा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रूपेशने चव्वेचाळीस मशीनं बंद करायला लावली. शंकरराव डबा उघडत होते.

"शंकरराव, वाफ आहे का प्रेसमध्ये?"

"आहे की. का? लग्नाची पॅन्ट दाबायचीय?"

"गाण्यात घ्यायचीय. वाफ."

शंकररावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ऊन लागलंय का तुला?"

रूपेशने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शंकररावांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि प्रेससमोर उभे राहिले. अठरा वर्षांत त्यांच्या कामाकडे कुणी इतक्या बारकाईने बघितलं नव्हतं. "कसली देऊ? कोरडी की ओली? खिशावर मारतो ती आखूड असते. मांडीवर मारतो ती लांब. शिवणीवर दोनदा तोडून मारतो."

"सगळ्या द्या."

शंकररावांनी पेडल दाबलं. फस्स. फस्सऽऽ. फस्-फस्स. कारागीर बिडी विसरून बघत राहिले. एकतीस फस्स रेकॉर्ड झाल्या. त्यातली सतरावी, मांडीवरची, रूपेशने निवडली. तिच्या शेवटी प्रेसचं झाकण उचललं जाताना एक बारीक 'टक्' होती. परदेशी फुसकाऱ्यात ती नव्हती.

घरी येऊन त्याने ती आर्डोरच्या पट्ट्यावर ठेवली. आता ती कुठेही सरकवता येत होती. तालात बसवली तर सुबक वाटत होती. 'पाटावरी' हा शब्द तुटत नव्हता. त्याने दोन्ही प्रकार भारतीला ऐकवले.

"तालातली नको," भारती म्हणाली. "पाटा, फस्स, वरी. लोकांना तिथेच पाठ आहे."

त्याने ती मागे सरकवली, जुन्या गाण्यात होती अगदी तिथे. एका मिनिटाला पहिली, दोन मिनिटांना दुसरी, इंदुबाईंच्या श्वासावर तिसरी.

दहावा दिवस संपायच्या आत, त्याच रात्री, धर्मेशच्या खोलीत गाणं लागलं. महेश हाताची घडी घालून उभा होता. बेंजो सुरू झाला तशी त्याची घडी सुटली. पहिल्या फस्सला धर्मेशने खुर्चीच्या दांड्यावर हात मारला. "आहा! हीच! पण साईं, ही तर ट्रायलवाली..."

"नाही. ही आमच्या कारखान्याची आहे. स्टीम प्रेस."

धर्मेशने फॉर्म पुढे ओढला. रूपेशने तो आधीच भरला होता. प्रत्येक अवजाराचं नाव, शेजारी परवान्याचं नाव, सोबत त्या परवान्याचा छापलेला कागद. धर्मेश बोट ठेवून वाचत गेला.

"मुक्त, मुक्त, मुक्त... हे कसलं लायसन्स? मालक कोण याचा?"

"बनवणाऱ्यांनी सगळ्यांसाठी सोडलंय. त्यावर केलेलं गाणं माझं. विकायला बंदी नाही. वाचून घ्या, दुसऱ्या पानावर आहे."

"फुकट का माल, साईं. उद्या बंद पडला तर?"

"बंद पडलं तर उघडून बघीन," रूपेश म्हणाला. "बंद पडलेलंच तर मी रोज उघडतो."

धर्मेशने दुसरं पान वाचलं, मग पहिलं पुन्हा वाचलं. महेशकडे पाहिलं. "तू सांग. बरोबर आहे?"

महेशला 'नाही' म्हणणं सोपं होतं. धर्मेशने ऐकलं असतं. पण त्याचे कान ताशावाल्याचे होते, आणि त्यांनी नुकताच तो बेंजो ऐकला होता.

"कागद बरोबर आहेत," तो म्हणाला. मग रूपेशकडे वळून, जरा घसा साफ करून, "माइक कुठे ठेवला होतास रे?"

"पेटीच्या खाली."

"च्यायला," महेश पुटपुटला. "मी कायम वर ठेवायचो."

धर्मेशने सही घेतली. "मग नावं सांग. संगीत रूपेश गायकर. आवाज इंदुबाई. आणखी कोण?"

"आणखी एक टाका. फस्स, शंकरराव."

"हे काय असतं?"

"तुम्ही टाका तर खरं."

गाणं तेरा मेला चॅनलवर आलं. पुढे काय झालं ते त्या पट्ट्यात कुणालाही विचारा. पण रूपेशच्या लेखी ते गाणं खऱ्या अर्थाने वाजलं मेच्या अखेरीस, प्रेमच्या हळदीला.

चामटोलीत ऊन कलत होतं. मांडवाच्या तोंडाशी मोठा पडदा लावला होता आणि त्यावर गाणं सुरू होण्याआधी नावं आली. संगीत, रूपेश गायकर. गावातल्या बायकांनी भारतीला कोपरखळ्या मारल्या. भारतीने पदर सावरला आणि मान ताठ करून पडद्याकडे पाहत राहिली. पुढचं नाव आलं, तेव्हा मांडवात खसखस पिकली. फस्स, शंकरराव. "हा कोण शंकरराव?" "अरे, आलाय म्हणतात!"

शंकरराव खरोखर आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पुढच्या खुर्चीवर.

प्रेम पाटावरून ओरडला, "दाजी, रेकॉर्ड नको! तुम्ही वाजवा!"

डीजेने आवाज बंद केला. रूपेशने बेंजो गळ्यात अडकवला. आज तो मांडवाबाहेर नव्हता, मधोमध उभा होता. टाइपरायटरच्या झिजलेल्या अक्षरांवर बोटं ठेवून त्याने पहिला सूर छेडला, आणि इंदुबाई उठल्या. लेकीच्या हळदीला भरून आलेला गळा आज मोकळा होता.

*हलद दलीली जात्यावरी गो,
नवरा बसला पाटा...*

रूपेशची बोटं थांबली. तीनशे माणसं थांबली. उधळायची हळद मुठींत तशीच राहिली आणि सगळ्या माना पुढच्या खुर्चीकडे वळल्या.

शंकरराव उभे राहिले. त्यांनी सावकाश उजवा पाय उचलला, अठरा वर्षं उचलला होता तसा, आणि चामटोलीच्या मातीवर दाबला.

"फस्स!" तीनशे तोंडांतून वाफ सुटली. पिवळा ढग मांडवाच्या छताला जाऊन भिडला, आणि त्या ढगातून बेंजो पुन्हा वाजायला लागला.